शरणपूर, वळिवडे आणि पाण्याखालची गावे



ह्या गोदाघाटावर उभे राहून नाशिककरांना पाण्याची गोष्ट सांगावयाची म्हणजे आजोळी जाऊन आजोळचेच कौतुक सांगण्यासारखे आहे. पूर किती आला हे आम्ही नाशिककर फुटांत किंवा मीटरांत सांगत नाही. दुतोंड्या मारुतीच्या घोट्याला पाणी लागले, कमरेला लागले, छातीला लागले, ही आमची मोजपट्टी. कमरेच्या वर गेले की सराफबाजारातील आणि भांडीबाजारातील दुकानदार माल वरच्या फळीवर चढवू लागतात. १९६९ चा पूर ज्यांनी पाहिला ते आता थोडेच उरले. २००८ चा आणि २०१६ चा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. पण कोणताही पूर घ्या, चार दिवसांनी पाणी उतरते, गाळ उपसला जातो आणि जो तो आपल्या घरी परत येतो. भिंत खचली असेल, धान्य भिजले असेल, परंतु उंबरा जागच्या जागी असतो.

आज आम्हांस बोलावयाचे आहे ते ज्यांचा उंबराच जागेवर राहिला नाही त्यांच्याविषयी. गेली कित्येक वर्षे वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर दोन बातम्या आलटूनपालटून येत असतात. सिरियाच्या किंवा इराकच्या सरहद्दीवर कुर्द कुटुंबे लढाईपायी घरदार सोडून निघाली, ही एक. पॅसिफिक महासागरातील चिमुकली बेटे समुद्राच्या वाढत्या पाण्याने बुडू पाहत आहेत, ही दुसरी. वाचक चुकचुकतो आणि पान उलटतो. आम्हीही उलटीत होतो. कुर्दिस्तान कोठे, तुवालू कोठे आणि आमचे सातपूर कोठे! परंतु जुनी पुस्तके चाळताना हळूहळू ध्यानात आले की, लढाईने उठविलेली माणसे आणि पाण्याने उठविलेली माणसे ही दोन्ही आपल्याच मुलखात होऊन गेली आहेत. किंबहुना अजून आहेत. त्यांना आपण कसे वागविले, त्यांची नोंद आपल्या दप्तरात कोणत्या नावाने केली, हा आजचा विषय आहे.

आम्ही इतिहासाचे पदवीधर नव्हे. शाळा अर्ध्यावर सुटली, कारखान्यात लागलो आणि पुढे युनियनच्या कामात पडलो. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर आपल्या सार्वजनिक वाचनालयात. १८४० साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेने आमच्यासारख्या किती जणांना दुसरी शाळा दिली असेल, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. तेव्हा पंडितांनी आमचे उणेअधिक पोटात घालावे.

प्रारंभ घरापासूनच करू. आपण रोज शरणपूर रोडने जातो येतो. ह्या नावाचा अर्थ किती जणांनी मनात आणला असेल? शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचे गाव. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीच्या रेव्हरंड प्राइस ह्यांनी नाशिकच्या वेशीबाहेर ही वस्ती वसविली. पुढे त्या वस्तीत आफ्रिकेतील मुलेमुली आली. पूर्व आफ्रिकेच्या आतल्या भागात टोळ्यांच्या लढाया लावून द्यावयाच्या, गावे जाळावयाची आणि पकडलेली माणसे किनाऱ्यावर आणून गलबतांत कोंबून विकावयाची, हा त्या काळचा धंदा होता. इंग्रजी आरमाराच्या बोटी अशी गलबते समुद्रात अडवीत. सुटलेल्या मुलांना परत नेऊन पोहोचवावयाचे तर कोठे? गाव जळालेले, आईबाप कोठे गेले ते ठाऊक नाही. मग त्यांना मुंबईस उतरवीत आणि त्यांतील कित्येकांची रवानगी नाशिकला होई.

येथे त्यांना अक्षर शिकविले आणि हाताला धंदा शिकविला. लोहारकी, सुतारकी, गवंडीकाम. धर्मांतराचा हेतू त्यात होता, हे आम्ही लपवीत नाही. परंतु कामगार चळवळीतल्या माणसाची नजर धंद्याकडे आधी जाते. हातात धंदा असलेला निराधार आणि नसलेला निराधार, ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. ह्या शाळेत शिकलेला जेकब वेनराइट हा तरुण पुढे डॉक्टर लिव्हिंग्स्टनच्या शोधार्थ गेलेल्या तुकडीतून आफ्रिकेत गेला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याचे हृदय जेथे पुरले, त्या झाडावर वेनराइटनेच लेख कोरला. मृतदेह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हाही तो हजर होता. नाशकात गिरविलेली अक्षरे आफ्रिकेच्या मध्यावर एका झाडाच्या सालीत उमटली, ही गोष्ट आमच्या शाळांतून सांगितली जात नाही ह्याचे आम्हांस नवल वाटते.

ह्या कथेचा शेवट मात्र तितका साजरा नाही. १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ फ्रिअरटाउन नावाची वसाहत उभारून नाशिकच्या ह्या आफ्रिकी मंडळींपैकी अनेकांना तेथे नेण्यात आले. म्हटले तर मायदेशी परत. पण तेथील लोक त्यांना काय म्हणत? 'बॉम्बे आफ्रिकन्स', म्हणजे मुंबईवाले! नाशकात ते हबशी होते आणि आफ्रिकेत मुंबईवाले. एकदा मुळापासून उपटलेल्या माणसाला परत नेऊन लावले तरी भोवतालची माती त्याला आपले म्हणत नाही, ह्याचा हा दाखला आहे.

आता कोल्हापूरकडे वळू. कारण लढाईने उठविलेल्या कुटुंबांचा आपल्या मुलखातला सर्वांत मोठा आणि सर्वांत विसरलेला मुक्काम तेथे होता.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनी पोलंडमध्ये शिरली आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा शिरल्या. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधील कुटुंबेच्या कुटुंबे रात्री-बेरात्री उठवून मालगाडीच्या डब्यांत भरून सायबेरियाकडे आणि कझाकस्तानकडे नेण्यात आली. आम्ही लाल झेंड्याखाली वाढलेले. हे वाचताना आमच्या घशाशी आवंढा आला हे कबूल करावयास आम्हांस लाज वाटत नाही. शेतकऱ्यांच्या बायका, शिपायांची मुले आणि म्हातारी माणसे बर्फात लाकूडतोडीला जुंपली गेली. पुढे जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील पोलिश सरकार आणि मॉस्को ह्यांच्यात करार झाला, आणि ह्या लोकांची सुटका झाली. जनरल आन्डर्स सैन्य उभे करू लागले, तशी मागोमाग बायकापोरेही दक्षिणेकडे निघाली. १९४२ साली क्रास्नोव्होद्स्क बंदरातून कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात एक लाखाच्या वर माणसे उतरली. त्यांत सुमारे तिसरा हिस्सा साधी नागरिक कुटुंबे होती. उतरली तेव्हा त्यांच्या अंगावर उवा, पोटात भूक आणि टायफसचा ताप होता. किनाऱ्यावर पोहोचूनही कित्येक तेथेच मेली.

पुरुष सैन्यात गेले. बायकामुलांचे काय करावयाचे? जगाने त्यांना थोडीथोडी वाटून घेतली. काही आफ्रिकेत, काही न्यूझीलंडला, काही मेक्सिकोत गेली. जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडी येथे अनाथ मुलांसाठी छावणी उघडली, तिची ख्याती पुष्कळ झाली आहे. परंतु आकाराने मोठी छावणी आमच्या वळिवड्याची. कोल्हापूर-मिरज लोहमार्गाच्या कडेला, पंचगंगेच्या खोऱ्यात, १९४३ च्या मध्यावर ती सुरू झाली आणि तिच्यात सुमारे पाच हजार माणसे राहिली. लांबच लांब बराकी आणि प्रत्येक कुटुंबाला त्यांत एक खण. बालवाडीपासून हायस्कुलापर्यंत शाळा, देऊळ म्हणून चर्च, इस्पितळ, नाटकगृह, बालवीरांची पथके, सहकारी दुकाने. सायबेरियात ज्या मुलांनी दोन-तीन वर्षे पुस्तक पाहिले नव्हते ती उसाच्या मुलखात बसून आपल्या भाषेतला इतिहास शिकू लागली. अशक्त मुलांना हवापालटासाठी पाचगणीस पाठवीत.

ह्यावर एक आक्षेप आम्ही ऐकला आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच १९४३ साली बंगालात सुमारे तीस लाख माणसे अन्नावाचून आणि रोगराईने मेली. परक्यांना बराकी आणि रेशन, आणि आपल्या लोकांना रस्त्यावर मरण? आक्षेप खरा आहे, पण तो ज्यांच्याविरुद्ध घ्यावयास हवा ते वेगळेच आहेत. वळिवड्याचा खर्च मुख्यतः लंडनमधील पोलिश सरकारच्या खात्यावर पडत होता. आणि बंगालचे धान्य कोणी पोलिश विधवेने खाल्ले नाही. उपाशी माणसाचे भांडण दुसऱ्या उपाशी माणसाशी लावून देणे ही जुनी युक्ती आहे. कारखान्याच्या फाटकावर ती आम्ही रोज पाहतो.

त्या स्त्रिया परत जाण्याची वाट पाहत होत्या. त्यांचे पुरुष इटलीत मॉन्ते कासिनोच्या डोंगरावर लढत होते. लढाई जिंकली, परंतु फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे राहावयाचे ठरले, आणि जुलै १९४५ मध्ये इंग्लंडने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्साच्या नव्या सरकारला दिली. वळिवड्याच्या बराकीत बसलेल्या बाईच्या दृष्टीने ह्याचा अर्थ काय? जिंकलेल्या बाजूची असूनही तिचे गाव दुसऱ्या देशात गेले आणि तिच्या कागदावर ज्या सरकारचा शिक्का होता ते सरकार उरले नाही. घर जागेवर होते, उंबरा जागेवर होता, पण तिच्यासाठी नव्हता. पुढे १९४८ पर्यंत छावणी उठली. बहुतेक जणी इंग्लंडला आपल्या सैनिकांकडे गेल्या, काही ऑस्ट्रेलिया-अमेरिकेला, काही पोलंडला. एक मुलगी कोल्हापुरातच लग्न करून राहिली आणि मराठी घरात म्हातारी झाली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्या पाहुण्यांचा स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सा शहरातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले तेव्हा कित्येक मराठी माणसांनी वळिवडे हे नाव पहिल्यांदाच ऐकले.

बराकी मात्र रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणी झाली होती. सिंधमधून दहा लाखांहून अधिक हिंदू बाहेर पडले, त्यांतले पुष्कळसे कराचीच्या बंदरातून बोटीने मुंबईकडे आले. कल्याणच्या लष्करी छावणीत त्यांचे उल्हासनगर झाले, पिंपरीला वस्ती झाली, आपल्या देवळालीच्या बराकी भरल्या, आणि काहींना कोल्हापूरकडे पाठविले ते त्याच वळिवड्याला. पाच वर्षांपूर्वी पोलिश कुटुंबेही कराचीमार्गेच हिंदुस्थानात उतरली होती. एकाच बंदरातून आलेल्या दोन निराळ्या आपत्तींनी एकाच छपराखाली चूल मांडली. आज त्या जागी गांधीनगर आहे, आणि दक्षिण महाराष्ट्रातला कापडदुकानदार घाऊक मालासाठी गांधीनगरला जातो तेव्हा तो एका जुन्या पोलिश छावणीत उभा असतो.

सिंधी बांधवांच्या चिकाटीची स्तुती सर्वच करतात, आम्हीही करतो. परंतु चिकाटीला हातभार लावणारी एक व्यवस्था होती, हेही सांगितले पाहिजे. सरकारने पुनर्वसनाचे स्वतंत्र खाते काढले. मागे राहिलेल्या मालमत्तेचे 'क्लेम' नोंदवून घेतले, १९५४ साली भरपाईचा कायदा केला. ज्यांच्याकडे कागद नव्हते, जे तिकडेही मजूरच होते, त्यांच्या वाट्याला त्यातून थोडेच आले. तरी पण त्यांना एक नाव मिळाले होते. निर्वासित. ह्या शब्दात दुःख आहे, परंतु हक्कही आहे. ज्याला निर्वासित म्हटले त्याचे काहीतरी देणे लागते, हे राज्याने मान्य केले असा त्याचा अर्थ होतो.

आणि इथूनच आमच्या मनाला टोचणी लागते. कारण त्याच महाराष्ट्रात, त्याच काळात, दुसरी माणसे घरे सोडून निघत होती आणि त्यांना कोणी निर्वासित म्हणत नव्हते. त्यांच्यावर कोणी शत्रू चालून आला नव्हता. त्यांच्या गावात पाणी येणार होते.

ह्याची पहिली मोठी लढाई आपणांस ठाऊक आहे. १९२१ च्या रामनवमीला मुळशी पेट्यातील मावळे टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहास बसले. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे ह्यांनी त्यांची बाजू लावून धरली. वीज मुंबईच्या गिरण्यांना हवी होती. बुडावयाची होती मावळची भातखाचरे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमिनीचे पैसे मोजून दिले की प्रकरण मिटले. गाव ही वस्तू त्या कायद्याच्या हिशेबातच नव्हती. लढाई हरली, धरण झाले. येथे आम्हांस एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. त्या विजेवर गिरण्या चालल्या, गिरण्यांत कामगार राहिले, कामगारांच्या संघटना झाल्या, आणि त्या संघटनांचे आम्ही वारस आहोत. आमच्या झेंड्याच्या काठीचे मूळ शोधीत गेले तर ते मुळशीच्या तळ्यातही कोठेतरी सापडेल.

स्वराज्य आले तरी रीत फारशी बदलली नाही. कोयनेत सुमारे शंभर गावे उठली. उजनीच्या जलाशयात पळसदेवाचे प्राचीन मंदिर बुडाले. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी खाली गेले की ते वर येते आणि लोक होड्यांतून दर्शनाला जातात. परंतु आम्हां नाशिककरांच्या सर्वांत जवळचे उदाहरण जायकवाडीचे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याचा पाया घातला गेला, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासे ह्या तालुक्यांतील शंभरावर गावे नाथसागराने पोटात घेतली. नाथसागरात येणारे पाणी ब्रह्मगिरीवरून, ह्या रामकुंडावरून जाते. त्या पाण्यावरून नाशिक, नगर आणि मराठवाडा ह्यांची भांडणे दर दुष्काळात न्यायालयापर्यंत जातात. वरच्यांनी किती अडवावे, खालच्यांना किती सोडावे, ह्यावर आकडे फेकले जातात. पण ज्यांची गावे त्या पाण्याच्या तळाशी आहेत त्यांचे नाव त्या भांडणात आम्ही कधी ऐकले नाही.

आम्हीही ते नाव घेतले नव्हते; आणि हे आम्ही स्वतःच्या पदरचे सांगत आहो. गोष्ट १९९६ सालची. अंबडच्या एका कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, कंत्राटी माणसांना बोनस नाकारला गेला. त्यांतील एक पन्नाशीकडे झुकलेला माणूस, त्याला सगळे मामा म्हणत, आमच्याकडे आला. म्हणाला, "भाऊ, आमचीबी नावं लिहा की तुमच्या रजिस्टरात." आम्ही तेव्हा तरुण होतो आणि नियमांत पक्के होतो. आम्ही म्हणालो, "मामा, तुम्ही ठेकेदाराची माणसं. कायम कामगारांचीच नोंद होते. आणि तुमचा पत्ता तरी कोणता? दर दोन वर्षांनी खोली बदलता." त्यावर तो जे म्हणाला ते आम्ही विसरलो नाही. "पत्ता व्हता भाऊ. नदीकाठची काळी जमीन व्हती. तुमच्याच नाशकावरून पाणी आलं अन् त्यात गेला." शेवगाव तालुक्यातल्या बुडीत गावाचा तो. धरण भरले तेव्हा विशीतला होता. मोबदला आला, भावांत वाटला गेला आणि खर्चला. बदली जमीन मिळाली ती खडकाळ. मग ऊसतोड केली, मग विटभट्टी, मग नाशिक. आम्ही ऐकून घेतले, चहा पाजला आणि नाव लिहिले नाही.

वळिवड्याच्या बाईला खण मिळाला, सिंधी दुकानदाराला क्लेम मिळाला, आणि नदीकाठच्या ह्या शेतकऱ्याला आमच्या रजिस्टरात एक ओळ मिळाली नाही. ज्या वर्षी जायकवाडीचे उद्घाटन झाले, त्याच १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, हे खरे आहे. धरणाच्या पाण्याने ज्यांची शेते भिजणार त्यांच्याकडची काही जमीन घेऊन ज्यांची बुडाली त्यांना द्यावी, हे त्यामागचे तत्त्व. देशात असा कायदा करणारे आपले राज्य पहिले. तो कोणा मंत्र्याच्या मनात आपोआप उगवला नव्हता. बाबा आढाव, दत्ता देशमुख ह्यांच्यासारख्यांनी धरणग्रस्तांच्या परिषदा भरवून, मोर्चे काढून तो पदरात पाडून घेतला. परंतु नाथसागर तोवर भरला होता. पंगत उठल्यावर पान वाढावे, तसे झाले.

आता पुन्हा त्या दोन बातम्यांकडे जाऊ. कुर्द हा काही कोटींचा समाज. १९२० च्या सेव्हरच्या तहात त्यांच्या स्वायत्ततेचा शब्द होता. १९२३ च्या लोझानच्या तहात तो गळून पडला आणि त्यांचा मुलूख तुर्कस्तान, इराक, इराण, सिरिया ह्यांच्यात वाटलेला राहिला. १६ मार्च १९८८ रोजी सद्दामच्या विमानांनी हलबजा गावावर विषारी वायू सोडला. १९९१ च्या वसंतात दहा लाखांहून अधिक कुर्द बायकापोरांसह बर्फाळ डोंगर चढून सरहद्दीकडे पळाले. २०१४ मध्ये कोबानी सुटले, २०१८ मध्ये आफ्रिन. ही लढाईची कहाणी झाली. परंतु पाण्याचीही आहे. टायग्रिस नदीकाठी हसनकैफ नावाचे हजारो वर्षांचे, बहुतांशी कुर्द वस्तीचे गाव होते. तुर्की सरकारने खाली इलिसू धरण बांधले, २०१९ च्या जुलैत पाणी अडवावयास सुरुवात केली आणि २०२० पर्यंत जुने हसनकैफ बुडाले. काही कबरी व मिनार चाकांच्या गाड्यांवर घालून नव्या गावठाणात नेले. हे वाचले तेव्हा आम्हांस अंबडचा मामा आठवला. जे बंदुकीने उठले त्यांची छायाचित्रे जगभर छापून आली, त्यांच्यासाठी तंबू आले, अपुरे का होईना. त्याच समाजातले जे पाण्याने उठले, त्यांना मिळाली नोटीस.

बेटांची गोष्ट ह्याहून विलक्षण आहे. पॅसिफिकमध्ये बनाबा नावाचे लहानसे बेट आहे. त्याच्या पोटात फॉस्फेट निघाले. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतांना खत म्हणून ते खणून नेण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी बेट घेतले आणि रहिवाशांना दुसऱ्या बेटांवर हाकलले. लढाई संपली. इंग्रजांनी त्यांना गोळा केले आणि डिसेंबर १९४५ मध्ये घरी न नेता दूर फिजीतील राबी बेटावर नेऊन उतरविले. राबी बेट विकत घेतले होते त्यांच्याच फॉस्फेटच्या पैशातून! वळिवड्याच्या स्त्रिया ज्या वर्षी बेवतन झाल्या त्याच वर्षी हेही झाले, आणि खाण पुढे १९७९ पर्यंत चालली.

आता त्याच परिसरातल्या किरिबाटी आणि तुवालू ह्या देशांपुढे समुद्र उभा आहे. ही बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच. समुद्र वर्षाला काही मिलिमीटर चढतो. ऐकावयास क्षुल्लक, पण भरतीचे पाणी विहिरीत शिरते, नारळाच्या मुळाशी मीठ साचते, आणि घर बुडण्याच्या पुष्कळ आधी पिण्याचे पाणी जाते. आपल्या सातपाटीच्या कोळ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. धूपप्रतिबंधक बंधारा आणि लाटा ह्यांची झुंज ते दर पावसाळ्यात पाहतात. कोळ्याला निदान मागे सरकावयास जमीन आहे. तुवालूला ती नाही. तेथे कोणता मारुती उभा करावयाचा आणि पाणी उतरण्याची किती दिवस वाट पाहावयाची?

किरिबाटीच्या एका गृहस्थाने न्यूझीलंडमध्ये अर्ज केला की, आपल्याला निर्वासित माना. २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत ह्यांपायी छळ होत असेल तरच माणूस निर्वासित ठरतो. समुद्र काही कोणाचे मत पाहून चाल करीत नाही! पुढे २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही त्याच्या प्रकरणात हक्कभंग झाला नाही असेच म्हटले, मात्र हवामानामुळे जिवाला धोका असेल तर अशा माणसाला परत पाठविणे पुढे बेकायदा ठरू शकेल असा दरवाजा किलकिला ठेवला. ऑस्ट्रेलियाने २०२३ साली तुवालूशी करार केला; त्याप्रमाणे दर वर्षी २८० तुवालूवासीयांना तेथे जाऊन राहता येते. देशाची लोकसंख्या सुमारे अकरा हजार. गाव सोडण्यासाठी सोडत काढावी लागते. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले की, देशाची भूमी गेली म्हणून त्याचे राज्यत्व गेलेच असे होत नाही. म्हणजे देश राहील. त्याचे टपाल कोणत्या पत्त्यावर टाकावयाचे, एवढाच प्रश्न उरतो.

पत्त्याचा रकाना हा आमच्या रोजच्या कामातला रकाना आहे, म्हणून ह्या विषयात आमचे मन इतके गुंतले. १९९६ च्या त्या प्रसंगानंतर आमच्या संघटनेत कंत्राटी माणसांची नोंद करावी की नाही ह्यावर अनेक वर्षे वाद झाले. कायम कामगार म्हणत, ही उपरी माणसे आमचा दर पाडतील. तेही खोटे नव्हते. ज्याला परत जावयास गाव नाही तो मिळेल त्या पगारावर राबतो, आणि ठेकेदार त्याच माणसाच्या शोधात असतो. परंतु तो आपला दर पाडतो तो नोंद नसल्यामुळे, की नोंद झाली म्हणून? हे समजावयास आम्हांस पंधरा वर्षे लागली. २०११ साली नियम बदलला आणि पहिल्याच आठवड्यात मामाचा मुलगा नाव लिहावयास आला. मामा त्यापूर्वीच वारला होता.

रजिस्टर आम्हीच लिहीत होतो. नाव, वय, खाते, राहण्याचा पत्ता झाला. पुढचा रकाना मूळ गावाचा. मुलाचा जन्म नव्या गावठाणातला. बुडालेले गाव त्याने पाहिलेही नव्हते. त्याने तेच नाव सांगितले. शेजारी बसलेला आमचा कार्यकर्ता म्हणाला, "अरे, ते तर पाण्यात आहे. नवीन गावठाणाचं सांग." मुलगा म्हणाला, "नवीन राहण्याच्या पत्त्यात लिहा. हे मूळ गाव विचारलंय ना तुम्ही?"

आम्ही त्याने सांगितले तेच लिहिले. तालुका शेवगाव, नदी गोदावरी.